बेदाणे

“मोमो राव!” काउंटरवरची मुलगी ओरडली. कोणी उठलं नाही. “मोमो राव कोण?” ती पुन्हा ओरडली, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ह्या खोलीत राव मी एकटाच आहे, आणि माझ्या बुटांवर हनुवटी टेकून जे कुत्रं पडलंय त्याचं नाव मोमो आहे. जनावरांच्या दवाखान्यात अशीच रीत दिसते. आधी जनावराचं नाव, त्याला जोडून मालकाचं. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं मांजर पर्ल अय्यंगार होतं, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातला ससा कुणीतरी गौडा होता, आणि त्यांच्या माणसांना त्यात काही वाटत नव्हतं. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. आमचं घराणं बेंगळुरूत तीनशे वर्षांहून जुनं. फौजेबरोबर आलेलं, फौज परत गेली तरी न गेलेलं. माझे आजोबा राव, वडील राव, चुलते राव. सगळे सरकारी कचेऱ्यांतून मान खाली घालून नोकऱ्या करून मेले, आणि आपलं नाव कुणी वाईट कारणानं घेऊ नये एवढंच बघत आले. माझ्यानंतर माझा गुरुदत्त. गुरुदत्तनंतर कोण, असं मी त्याच्या लग्नात चारचौघांत हसत हसत विचारलं होतं. त्याचं उत्तर हे माझ्या पायाशी पडलं होतं. “हो, आमचाच,” असं मी कन्नडमध्ये म्हणालो आणि उठलो.

बोलावणं नुसतं वजनासाठी होतं. तेरा किलो दोनशे. “गेल्या महिन्यात चौदा होतं. काय खाल्लं ह्यानं, ताता?” मुलीनं विचारलं. ताता म्हणजे आजोबा. डॉक्टर आत कुठल्यातरी जनावराला टाके घालतायत, स्वल्प बसा, असं तिनं सांगितलं, आणि मी परत त्या गार लोखंडी बाकावर येऊन बसलो. कुत्रंही आलं आणि परत बुटांवर हनुवटी टेकून पडलं. काल दुपारपासून त्याचं हेच चाललंय. पाच वर्षं घरात ते माझ्यापासून चार हात लांब राहिलं, कारण मी त्याला जवळ येऊच दिलं नाही. आणि काल दुपारपासून मी जाईन तिकडं ते मागं मागं. रात्री माझ्या खोलीच्या दाराशी झोपलं. पहाटे पाचला तिथंच ओकलं, सहाला पुन्हा, साडेसहाला पुन्हा, आणि प्रत्येक वेळी ओकून झाल्यावर माझ्याकडं बघून शेपूट हलवलं. गुरुदत्त पाचलाच होसकोट्याच्या फॅक्टरीत शिफ्टला गेलेला, आत मोबाइल नेऊ देत नाहीत. सून सुखदा ऑफिसच्या कामाला दोन दिवस हैदराबादला. मी तिला फोन केला तर ती रडायलाच लागली. “बाबा, प्लीज, प्लीज, त्याला लगेच डॉक्टरकडे न्या. मी त्यांना फोन करून ठेवते.” माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ही बाई रडली नव्हती. मी आठवून पाहिलं. नव्हती.

हे कुत्रं आलं लॉकडाऊनमध्ये. तेव्हा सगळ्यांनाच काहीतरी झालं होतं. कुणी घरी पाव भाजले, कुणी दाढ्या वाढवल्या, आमच्या घरात बीगल आलं. दीड वीत लांबीचं, कान जमिनीला लागणारे. सुखदा म्हणाली, “बाबा, हा मोमो. मोमो, हे बघ कोण? आजोबा!” माझ्या बायकोला, पद्मावतीला, ती आजी म्हणाली. गुरुदत्त पप्पा झाला. मला वाटलं, पोरांचा खेळ आहे, चार दिवसांत उतरेल. उतरलं नाही. वर्षभरानं ऑफिसं उघडली, मम्मा-पप्पा कामाला लागले आणि हौस त्यांची होती ती ड्युटी माझी झाली. सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. अडुसष्टाव्या वर्षी मी हलसूरच्या गल्ल्यांतून कुत्र्याची विष्ठा उचलत फिरतो. शेजारचे गुंडो अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसलेले असतात, ते रोज न चुकता विचारतात, “काय रघू, ड्युटी सुरू?” तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी सर्व्हे खात्यात सदतीस वर्षं काढली, त्यातली नऊ आनेकलला. रोज बसनं जायचं, साखळी घेऊन दुसऱ्यांच्या जमिनी मोजायच्या, कुणाची हद्द कुठं संपते ते दगड रोवून दाखवायचं. भाऊ-भाऊ माझ्यासमोर विळे घेऊन उभे राहिलेत पण माझा दगड कुणी हलवला नाही. आणि आता हे कुत्रं प्रत्येक दगडाशी, प्रत्येक खांबाशी थांबून, हुंगून, तंगडी वर करून आपली हद्द मोजतं आणि मी त्याचा हेल्पर असल्यासारखा पट्टा धरून उभा. एवढं हुंगणारं जनावर मी जन्मात पाहिलं नाही. पाणी दिलं तरी आधी हुंगणार, मग भांड्याभोवती फिरून पुन्हा हुंगणार, मग पिणार.

आनेकललाच मला कुत्र्यानं चावलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका तोट्याच्या, म्हणजे बागेच्या, कडेला मी खाली वाकून दगड बघत होतो, मागून येऊन पोटरी धरली. त्या वेळी चौदा इंजेक्शनं घ्यायला लागायची, पोटात. बेंबीच्या आसपास रोज एक. पद्मा लग्न होऊन नुकतीच आलेली. ती रोज माझ्याबरोबर दवाखान्यात यायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची, आत यायची नाही. एकदा मी विचारलं, “आत का येत नाहीस?” तर म्हणाली, “तुम्ही ओरडता ते मला ऐकवत नाही, आणि मी ऐकलेलं तुम्हाला आवडणार नाही.” असं तिचं बोलणं. मोजकं. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेली वाक्यं मला वाटतं एका वहीत मावतील. मी समजत होतो की बाई मितभाषी आहे, तिच्या मनात फारसं काही नसतं. हे कुत्रं नसतं तर मी ह्याच समजुतीत मेलो असतो.

ती आजारी पडली तेव्हा हे कुत्रं तिच्या खाटेवर चढून झोपायला लागलं. मी हाकललं तर ती म्हणाली, राहू दे. आणि मग ती त्याच्याशी बोलायला लागली. दुपारी, सगळे कामावर गेल्यावर. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलेलो असायचो आणि आतून तिचा आवाज यायचा, हळू, सलग, तासतास. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, मधेच हसू. हसायची! मी दाराशी गेलो की थांबायची. मी विचारायचो, “काय बोलत होतीस?” “काही नाही. असंच.” पुन्हा बाहेर येऊन बसलो की पुन्हा सुरू. शेवटचे पाच महिने असे गेले. चाळीस वर्षं जे तिनं मला सांगितलं नाही ते सगळं तिनं ह्या आयत्या बिळावरच्या नागोबाला सांगितलं, आणि गेली. दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी ह्याच्याकडं बघतो तेव्हा मला हाच विचार येतो की ह्याच्या ह्या लोंबत्या कानांत माझ्या बायकोचं काहीतरी आहे, ते मला मिळणार नाही, आणि ह्याला त्याची किंमत नाही. हे मी कुणाला सांगणार? सुखदाला वाटतं मला कुत्र्यांची भीती वाटते. गुरुदत्तला वाटतं मला केसांची ॲलर्जी आहे. मी त्याचा द्वेष करतो. चांगला, ठसठशीत, रोज वाढणारा द्वेष.

सत्यनारायण पद्माचा. दर मार्गशीर्ष पौर्णिमेला, लग्नापासून, एकदाही न चुकता. ती गेल्यावर तो मी चालवायचा ठरवलं. सुखदा म्हणाली, “बाबा, रविवारी करू या ना, मी पण असेन, गुरू पण असेल.” मी म्हणालो, पौर्णिमा रविवार बघून येत नाही. हैदराबादला निघताना ती दोनदा म्हणाली की पूजेच्या वेळी मोमोला आतल्या खोलीत ठेवा, दार नीट लावा, त्याची कडी सैल आहे. मी म्हणालो, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं. काल सकाळी भटजी आले, तासाभरात कथा उरकली, पुढच्या घरी पळाले. गेल्या वर्षी शिरा गुंडो अण्णांच्या घरून आला होता. ह्या वर्षी मी स्वतः केला. सव्वाच्या मापानं रवा, तूप, साखर, दूध, केळी, सगळं पद्मानं कपाटाच्या आत चिकटवलेल्या कागदावरून. बेदाणे तिनं लिहिले नव्हते पण ती मूठ भरून घालायची. मी दोन मुठी घातले. जन्मात पहिल्यांदा केलेला शिरा, आणि तो चांगला झाला होता. वास तिच्या शिऱ्याचा आला. मी गॅसपाशी उभा राहून रडलो, हे इथं सांगून टाकतो. मग पातेलं चौरंगापाशी ठेवलं, नैवेद्य दाखवला आणि हातपाय धुवायला मोरीत गेलो. परत आलो तर कुत्रं पातेल्यात तोंड घालून उभं. कडी सैल होती.

आमच्या घरात प्रसादाचे काही नियम आहेत, ते मी केले नाहीत. प्रसाद कुणाला नाही म्हणायचा नाही, प्रसाद टाकायचा नाही. उष्टा झाला, जमिनीवर सांडला, तर गाईला द्यायचा, नाहीतर पाण्यात सोडायचा. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पूर्वी गाय बांधलेली असायची, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. तलावाला कुंपण आहे आणि कुंपणाला राखणदार आहे. राहिली ओल्या कचऱ्याची हिरवी बादली. पद्माच्या नावानं केलेला प्रसाद मी भाजीच्या देठांत टाकायचा? मी त्या कुत्र्याला लाथ मारली असती. पाय उचललाही होता. ते पोट जमिनीला लावून सरकलं, तोंडाला शिरा लागलेला, माझ्याकडं बघत. मी म्हणालो, “घे. तूच घे सगळा. सगळं तुलाच द्यायचं होतं तिला.” आणि पातेलं उचलून त्याच्यापुढं ठेवलं. ते खाईना. पाच वर्षांच्या सवयीनं माझ्या हाताकडं बघत बसलं. मग मी खाली बसलो, आणि हातानं भरवलं. घास करून. सगळं पातेलं. आधी ते हुंगायचं, मग चाटायचं, मग शेवटी शेवटी नुसतं तोंड उघडायचं. संध्याकाळी प्रसादाला आलेल्यांना मी केळं आणि साखर दिली. गुंडो अण्णा म्हणाले, “शिरा नाही?” मी म्हणालो, करपला. ते म्हणाले, “पद्मक्का असती तर,” आणि पुढचं गिळलं.

एवढंच असतं तर मी ह्या बाकावर निवांत बसलो असतो. पण आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. सुखदानं लावलेला, कुत्रं आलं त्याच आठवड्यात. इंग्रजीत आहे, पण तिनं तो मला आणि पद्माला समोर बसवून मराठीत वाचून दाखवला होता. चॉकलेट नाही, कांदा नाही, लसूण नाही. द्राक्षं अजिबात नाहीत. “आणि बाबा, बेदाणे, मनुका तर मुळीच नाहीत, किडनी जाते त्यांची, चार-पाच दाण्यांनीसुद्धा.” मी म्हणालो होतो, “कुत्र्याला बेदाणे कोण घालतंय? आमच्या गल्लीतली कुत्री रागीमुद्दे खाऊन पंधरा वर्षं जगायची.” आणि सगळे हसले होते, पद्मासुद्धा. ही गोष्ट मी विसरलो नव्हतो. मी काही विसरत नाही, मला आनेकलच्या सर्व्हे नंबरांच्या चतुःसीमा अजून पाठ आहेत. काल पातेल्यात हात घातला तेव्हा वर आलेले बेदाणे फुगून गलेलठ्ठ दिसत होते, आणि मला सुखदाचा आवाज ऐकू आला. मुळीच नाहीत. ऐकू आला आणि मी घास केला. कुणी विचारलं की तुला ते मरायला हवं होतं का, तर मी नाही म्हणेन. कुणी विचारलं की तुला माहीत नव्हतं का, तर काय म्हणू? दिवसभर मी स्वतःशी म्हणत होतो की जुनी कुत्री काहीही पचवायची, हे सगळं इंटरनेटचं खूळ आहे. पहाटे पाचला दाराशी आवाज आला तेव्हा मी अंथरुणात आधीच जागा होतो.

“मोमो राव,” पुन्हा हाक आली आणि ह्या वेळी मी लगेच उठलो. डॉक्टर अनुषा तिशीची असेल, हातावर ओरखडे, बोलणं भराभर. कुत्र्याला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, हिरड्या बघितल्या. फोन काढून सुखदाला लावला आणि स्पीकरवर टाकला, तशी सुखदानंच विनंती केली होती म्हणे. “सर, काल काही वेगळं खाल्लं का? चॉकलेट, द्राक्षं, कांदा, उंदराचं औषध?” मी म्हणालो, नाही. इतक्या सहज म्हणालो की मलाच आश्चर्य वाटलं. “नक्की? कचऱ्यातून वगैरे?” नाही. फोनमधून सुखदा म्हणाली, “डॉक्टर, घरात फक्त बाबा होते. बाबा त्याला काही देणार नाहीत. ते त्याला हातसुद्धा लावत नाहीत.” म्हणजे माझा पाच वर्षांचा द्वेष माझ्या कामाला आला. तोच माझा साक्षीदार झाला. डॉक्टर म्हणाली, “मग गॅस्ट्रायटिस दिसतंय, थंडीत होतं. एक इंजेक्शन देते, घरी न्या, आज उपाशी ठेवा. विषबाधेसारखं काही असतं तर आत्ताच ॲडमिट करून दोन-तीन दिवस सलाइनवर ठेवलं असतं. त्यात तास महत्त्वाचे असतात. पण तसं नाही म्हणताय.” मी मान हलवली. म्हणजे घरी न्यायचं, आणि दोन-तीन दिवसांत ते आपोआप संपेल, आणि मम्मा-पप्पा रडतील, आणि मी सकाळी सहाला झोपून राहीन. कुणाला कधी कळणार नाही. कंपाउंडर सुई भरत होता. कुत्रं टेबलावर थरथरत उभं होतं आणि त्यानं माझ्या शर्टाच्या बाहीत नाक खुपसलं होतं.

आता इथं कुणी म्हणेल की मला दया आली. दया आली नाही. डॉक्टर फोनवर सुखदाशी बोलत होती, इंग्रजीत, मला कळणार नाही अशा समजुतीनं असेल किंवा कळलं तरी हरकत नाही अशा. म्हणाली, “तरी घरी एकदा विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसांना ह्यातलं काही माहीत नसतं. प्रेमानं काहीतरी भरवतात आणि त्यांना कळतही नाही आपण काय केलं.” आणि सुखदा म्हणाली, “हो, बाबांना तसं नाही कळत. पण ते निदान भरवत नाहीत.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. सदतीस वर्षं मी सरकारी कागदांवर सह्या केल्या, कोर्टात उलटतपासण्यांना उभा राहिलो, माझ्या मोजणीवर खटले निकालात निघाले, आणि ही पोरगी म्हणते मला कळत नाही. मी काय केलं ते मला कळत नाही! मला कळतं. मला सगळ्यांच्या आधी कळतं. माझ्या रागाला सुद्धा ह्या घरात कुणी राग समजत नाही, म्हातारपण समजतात.

“बेदाणे,” मी म्हणालो. इंग्रजीत म्हणालो, मग कन्नडमध्ये, म्हणजे शंका नको. “काल दुपारी दोन वाजता. शिऱ्यातून. दोन मुठी असतील. मी भरवले.” कंपाउंडरचा हात थांबला. डॉक्टरनं घड्याळाकडं बघितलं, तोंडातल्या तोंडात वीस तास म्हणाली, आणि एकदम ओरडून आतल्या माणसाला सलाइन आणायला सांगितलं, रक्त काढायला सांगितलं. कुत्र्याच्या पुढच्या पायाचे केस मशीननं भादरायला लागली. टेबलावर फोन तसाच होता. त्यातून सुखदा म्हणाली, अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तशी, “बाबा, तुमच्या लक्षात नव्हतं ना? तो कागद. तुम्ही विसरला होता ना?” तिनं मला दार उघडून दिलं होतं. नुसतं हं म्हणायचं होतं. तिला ते हवं होतं, माझ्यासाठी नाही, तिला पुढं त्याच घरात राहायचं होतं म्हणून. मी म्हणालो, “विसरलो नव्हतो.” तिनं फोन ठेवला.

त्यानंतरचे तीन दिवस घरात कुणी माझ्याशी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. कुत्र्यानं आपल्या बायकोला आपल्यापासून तोडलं तर माणसानं काय करायचं, हे मी त्यांना विचारणार होतो. पद्माचा शिरा, उष्टा प्रसाद, सैल कडी, सगळं मांडणार होतो. सुखदा त्याच संध्याकाळी विमानानं आली आणि थेट दवाखान्यात गेली. तिथंच लॅपटॉप उघडून बसायची, रात्री आठला घरी यायची, स्वयंपाक करायची, माझं ताट वाढून झाकून टेबलावर ठेवायची आणि खोलीत जायची. भाजीत मीठ बरोबर असायचं. गुरुदत्त पहिल्या संध्याकाळी होसकोट्याहून आला, कंपनीच्या बुटांसकट माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. “अप्पा,” म्हणाला. मी म्हणालो, “बोल.” तो म्हणाला, “अप्पा, मी काय विचारू तुम्हाला?” आणि खरंच थांबून राहिला, मी त्याला प्रश्न सुचवीन अशा आशेनं. मग गेला. लहानपणी मार खाऊन झाल्यावरही तो असाच उभा राहायचा. सकाळी सहाला मला आपोआप जाग यायची. पट्टा खुंटीवर होता. मी गल्लीतून एकटाच चक्कर मारून आलो तर गुंडो अण्णांनी पेपर खाली केला आणि काही विचारलं नाही, म्हणजे त्यांनाही कळलं होतं. ज्या शांततेसाठी मी पाच वर्षं तळमळलो ती घरभर पसरली होती, आणि मला तिच्यात बसवेना. दुपारी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो की आतून कुणी बोलत नव्हतं. पद्मा गेली तेव्हाही इतकं गप्प झालं नव्हतं. तेव्हा निदान तिनं ज्याला सांगितलं ते जनावर तिच्या रिकाम्या खाटेखाली घोरत असायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सुखदा. “या,” म्हणाली आणि ठेवला. मी रिक्षा केली. शिवाजीनगरपाशी बस आडवी लागली होती, रिक्षावाला शिव्या देत होता, आणि मी मनात सगळी तयारी करत होतो. मेलं असेल तर काय म्हणायचं. काही म्हणायचं नाही. दवाखान्याच्या दारातच गुरुदत्त होता, रजा काढून आलेला, दाढी न केलेला. त्यानं नुसतं आत बोट दाखवलं. आतल्या खोलीत खाली चटईवर ते पडलं होतं. पायात सुई, बाजूला सलाइनची बाटली. तीन दिवसांत बरगड्या दिसायला लागल्या होत्या. डॉक्टर अनुषा माझ्याकडं न बघता, जणू भिंतीला सांगावं तसं म्हणाली की किडनीचे आकडे आज जरा खाली आलेत, वाचण्याची शक्यता आहे, पण ते खात नाहीये. बीगल खात नाही म्हणजे मन सोडलंय. काल सुखदानं प्रयत्न केला, सकाळपासून गुरुदत्त करतोय, स्टाफनं केला, कुणाच्या हातून घेत नाही, दात घट्ट. आजही काही गेलं नाही पोटात तर नळी घालायची, आणि ह्या अवस्थेत त्याला बेशुद्ध करण्यात धोका आहे. “कुणाच्या हातून घेईल ते…” असं ती म्हणाली आणि थांबली, आणि सुखदाकडं बघितलं.

कारण कुत्र्यानं मान उचलली होती. मी दारातून आत आलो तेव्हाच उचलली होती, आणि शेपटीचं टोक चटईवर एकदा, दोनदा आपटलं होतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सुखदा भिंतीशी बसली होती. तिच्या हातात स्टीलची वाटी होती, भोपळ्यात कालवलेला मऊ भात, डॉक्टरनं सांगितलेला. तिचे डोळे सुजले होते. ती उठली. “मला तुमचं तोंड बघायची इच्छा नाहीये, बाबा,” ती म्हणाली, सरळ, आवाज न चढवता. “पण त्याला आहे.” मी हात पुढं केला. तिनं वाटी लगेच सोडली नाही. वाटीच्या एका कडेला तिची बोटं, दुसऱ्या कडेला माझी, आणि ती माझ्या बोटांकडं बघत होती. मला वाटलं आता ही वाटी फेकून देईल, आणि देवाशपथ सांगतो, मला तसं व्हायला हवं होतं. मग तिनं सोडली.

मी खाली बसायला लागलो तर गुडघा वाजला. गुरुदत्तनं दंड धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला. भिंतीचा आधार घेत मी चटईच्या कडेला बसलो, भाताचा छोटा घास केला. शितं सांडली. मी त्याला काय म्हणणार होतो? नको खाऊस, असं म्हणावंसं वाटलं. ह्या हातून नको. ते सरकत सरकत माझ्याकडं आलं, नळी ताणली गेली म्हणून डॉक्टर पुढं झाली. जे कुत्रं पाणीसुद्धा दोनदा हुंगल्याशिवाय पीत नाही त्यानं माझ्या हातातला घास हुंगला नाही. तोंड उघडलं, आणि खायला लागलं.